सप्टेंबरअखेरचे स्वित्झर्लंड: मुक्काम पक्के करा, शिखरे मोकळी ठेवा

आपण लिहिले आहे की आपण दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आई-वडील असे पाच जण २४ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या काळात स्वित्झर्लंडला जाणार आहात. झुरिक, लुसर्न, इंटरलाकेन, झरमाट आणि माँत्रो अशा पाच ठिकाणी एक-दोन रात्रींचे मुक्काम आखले आहेत आणि मध्ये दोन दिवस गाडी भाड्याने घेऊन घाटरस्ते पाहण्याचाही विचार आहे. या दिवसांत हवा कशी असते, बर्फ मिळेल का, पावसाने सहल वाया जाईल का आणि युंगफ्राऊयोख या बर्फाळ खिंडीतल्या उंच रेल्वे स्थानकाची तिकिटे आत्ताच काढून ठेवावीत का, असे आपले प्रश्न आहेत. मराठी कुटुंबांच्या तिकडच्या सहली आखण्याचे आणि त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष फिरण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हवा चांगली असेल की वाईट, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. नऊ दिवसांत दोन-तीन दिवस लख्ख, दोन-तीन दिवस ढगाळ आणि एखाद-दुसरा दिवस सरळ पावसाचा, असे मिश्रण मी गृहीत धरतो. मात्र कोणता दिवस कसा असेल हे तीन महिने आधी कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय वर्षावर्षांत फरक फार असतो. २०२३ चा सप्टेंबर युरोपभर विलक्षण उष्ण होता, तर २०२४ च्या सप्टेंबरच्या मध्यावर आलेल्या थंडीच्या लाटेत आल्प्समध्ये अवेळी बर्फ पडले. म्हणून आपला खरा प्रश्न मी असा मांडेन: कोणता दिवस लख्ख निघेल हे ठाऊक नसताना तो निघेल तेव्हा आपण योग्य ठिकाणी कसे असू? आपल्या सध्याच्या आराखड्याची अडचण इथेच आहे. त्यात प्रत्येक शिखर एकाच ठरावीक तारखेला बांधलेले आहे.

आधी उंचीचे गणित पाहू. स्वित्झर्लंडचे 'तापमान' असे काही नसते, उंचीचे तापमान असते. दर शंभर मीटर चढले की हवा साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने थंड होते. सप्टेंबरअखेर लुसर्नला, म्हणजे सुमारे ४३५ मीटरवर, दुपारी १७-१८ अंश असतील, तर ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राऊयोखला त्याच वेळी पारा शून्याच्या आसपास किंवा खाली असतो आणि वारा असेल तर अंगाला त्याहून बरेच थंड जाणवते. खाली सकाळी आठ-दहा अंश असतात आणि दुपारी उन्हात स्वेटर काढावासा वाटतो.

'बर्फ मिळेल का' याचे उत्तरही यातच आहे. युंगफ्राऊयोखला 'आलेच' (Aletsch) नावाची हिमनदी आहे आणि एंगेलबर्गजवळच्या टिटलिस पर्वतावरील सुमारे ३,०२० मीटरवरच्या स्थानकाभोवतीही हिमनदीचा भाग आहे, तेव्हा पायाखाली बर्फ मिळणार हे नक्की समजा. आकाशातून पडणारे ताजे बर्फ हा योगाचा भाग आहे. थंड हवेचा पट्टा उत्तरेकडून उतरला की बर्फाची रेषा एका रात्रीत पंधराशे मीटरपर्यंत खाली येऊ शकते, मग दोन-तीन दिवस ऊन पडले की कुरणे पुन्हा हिरवी होतात. मुलीला हा प्रकार अतिशय आवडेल, आई-वडिलांना मात्र त्या दिवशी निसरड्या फलाटांवर हात धरून चालवावे लागेल.

दुसरी गोष्ट पर्वताच्या बाजूची, आणि सहल वाचवते ती हीच. आपल्याकडे घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळत असताना माणदेश कोरडा राहतो हे आपल्याला ठाऊक आहे. आल्प्समध्ये तोच प्रकार दोन्ही बाजूंनी घडतो, कारण वारा कधी दक्षिणेकडून येतो तर कधी वायव्येकडून. दक्षिणेकडून आला की पाऊस लुगानो-लोकार्नोच्या तिचिनो भागात पडतो आणि पर्वत ओलांडून उत्तरेच्या दऱ्यांत उतरताना तोच वारा कोरडा व ऊबदार होतो. त्याला तिथे 'फ्योन' म्हणतात. अशा दिवशी लुसर्नहून दिसणारी शिखरे हाताच्या अंतरावर आल्यासारखी भासतात. वारा वायव्येकडून आला की उलट घडते: इंटरलाकेन, लुसर्न, एंगेलबर्ग ढगात बुडतात आणि तिचिनोत निळे आकाश असते. या दोन्हींच्या मधली ऱ्होन नदीची व्हाले दरी दोन्ही बाजूंच्या उंच रांगांमुळे पर्जन्यछायेत राहते. त्या दरीतल्या सियोंला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोकार्नोला सुमारे १,९०० मिलिमीटर. या दोन गावांत सरळ रेषेत जेमतेम ११० किलोमीटर अंतर आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की संपूर्ण देशावर एकाच वेळी पाऊस असा दिवस तुलनेने कमी वेळा येतो. इंटरलाकेनला पाऊस लागला तर लोक हॉटेलात बसून राहतात, पण त्याच सकाळी लोएचबर्ग बोगद्यातून पलीकडे व्हाले दरीत गेले तर ऊन मिळण्याची शक्यता बरीच असते. लुसर्नला ढग असतील तर गोटहार्ड बोगद्यातून गाडी साधारण दोन तासांत लुगानोला पोहोचवते. गोटहार्डचा हा ५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला आणि माझ्या कामाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

तिसरी गोष्ट धुक्याची. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून सरोवरांकाठी आणि नद्यांच्या सखल पट्ट्यांत सकाळी धुके धरू लागते. रात्री जड, थंड हवा खाली साचते आणि तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण बसते, म्हणून हा थर बऱ्याचदा हजार-बाराशे मीटरच्या खालीच असतो. हॉटेलच्या खिडकीतून सगळे राखाडी दिसते आणि मंडळी म्हणतात, 'आज वर जाण्यात अर्थ नाही.' नेमका त्याच दिवशी लुसर्नजवळचा १,७९८ मीटरचा रिगी पर्वत धुक्याच्या वर उन्हात असतो आणि खाली ढगांचा समुद्र पसरलेला असतो. तेव्हा खिडकीवर विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्यावर ठेवा. जवळजवळ प्रत्येक पर्वतीय रेल्वेच्या संकेतस्थळावर शिखरावरचे थेट चित्र असते, आणि अनेक हॉटेलांतल्या टीव्हीवरही सकाळी ही चित्रे एकामागून एक दाखवतात. सप्टेंबरअखेरचे धुके बहुधा अकरा-बारापर्यंत विरते. दिवसेंदिवस चिकटून राहणारे धुके नोव्हेंबरातले.

आता मुक्कामांविषयी. पाच गावे बदलण्याऐवजी तीन ठेवा. मी असे सुचवेन: विमानतळावरून थेट श्पीत्झ किंवा इंटरलाकेनला जाऊन तिथे चार रात्री, मग माँत्रोला दोन आणि शेवटी लुसर्नला तीन. लुसर्नहून झुरिक विमानतळ रेल्वेने तासाभराच्या थोडा पुढे आहे, त्यामुळे शेवटची रात्र झुरिकला काढण्याची गरज नाही. श्पीत्झ हे नाव आपल्याकडच्या छापील कार्यक्रमांत सहसा नसते, पण मला ते इंटरलाकेनपेक्षा सोयीचे वाटते. गाव थून सरोवराकाठी आहे, इंटरलाकेन वीसेक मिनिटांवर, बर्न अर्ध्या तासावर, आणि २००७ मध्ये उघडलेल्या लोएचबर्गच्या ३४.६ किलोमीटरच्या बोगद्यातून व्हाले दरीतले व्हिस्प अर्ध्या तासाच्या आत. म्हणजे सकाळी नाश्त्याच्या वेळी आकाश पाहून उजवीकडे युंगफ्राऊ, डावीकडे बर्न किंवा समोर झरमाट, यांपैकी काय ते ठरवता येते. झरमाट श्पीत्झहून पावणेदोन-दोन तासांवर आहे. एका रात्रीसाठी पाच जणांचे सामान तिकडे हलवण्यापेक्षा लख्ख दिवशी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे बरे. झरमाटचे प्रसिद्ध मॅटरहॉर्न शिखर दिसलेच नाही तर झरमाटची ती एक रात्र फार महाग पडते.

युंगफ्राऊयोखच्या तिकिटाचे उत्तर यावरूनच निघते: आत्ता काढू नका. ही त्या देशातली बहुधा सर्वांत महागडी पर्वतीय फेरी आहे आणि वर ढग असतील तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. चार रात्री जवळ राहिल्याने आपल्या हातात तीन पूर्ण दिवस असतात, त्यांतला सर्वांत चांगला दिवस युंगफ्राऊला द्या. आदल्या संध्याकाळी स्विस हवामान खात्याच्या ॲपवर तीन गोष्टी पाहा: ढगांची उंची, वरच्या पातळीवरचा वारा आणि ज्या उंचीवर पारा शून्य अंशावर येतो ती उंची. अंदाज अनुकूल असेल तर रात्रीच तिकीट आणि गाडीतली जागा घ्या, आणि सकाळी निघण्यापूर्वी कॅमेरा पुन्हा पाहा. सप्टेंबरअखेर आदल्या रात्री जागा मिळण्यास सहसा अडचण येत नाही. मात्र काही कँटनांच्या (तिथल्या राज्यांच्या) शाळांना याच सुमारास शरद ऋतूची सुटी लागते, त्यामुळे स्वच्छ रविवारी सकाळच्या गाड्या भरलेल्या असू शकतात. आपल्याला एजंटाने सवलतीचे ठरावीक तारखेचे तिकीट देऊ केले असेल, तर ती सवलत म्हणजे हवामानाची जोखीम आपल्या अंगावर घेण्याचा मोबदला आहे एवढे लक्षात ठेवावे.

जे आधी ठरवायला हरकत नाही तेही सांगतो. पाचही जणांचा प्रवास रेल्वे, बस आणि बोटींनी होणार असल्याने सलग दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास बहुधा परवडेल. सोळा वर्षांखालचे मूल पासधारक पालकांबरोबर कौटुंबिक कार्डावर विनामूल्य प्रवास करते. रिगीची रेल्वे या पासात पूर्णपणे येते, लुसर्नजवळचा पिलाटुस, टिटलिस आणि झरमाटजवळचा गोर्नरग्राट या पर्वतांना निम्मी सवलत मिळते, आणि युंगफ्राऊयोखला वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगन गावापर्यंतचा प्रवास पासात येऊन पुढच्या टप्प्यावर पंचवीस टक्के सूट असते. पासामुळे ऐनवेळी दिशा बदलण्याचा वेगळा खर्च येत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत सवलतीपेक्षा या मोकळिकीत आहे.

फ्योनच्या दिवसांत एक गोष्ट मराठी प्रवाशांना हमखास चकवते. आकाश स्वच्छ असते, शिखर दिसत असते आणि तरीही केबल कार बंद असते, कारण वर वारा सोसाट्याचा असतो. दातेरी रुळांवरच्या गाड्या अशा वाऱ्यात सहसा चालू राहतात. युंगफ्राऊला जाताना ग्रिंडेलवाल्डहून निघणारी मोठी केबल कार, आयगर एक्सप्रेस, बंद ठेवली असेल तर क्लायने शायडेकमार्गे जुनी रेल्वे हा पर्याय असतो. वेळ जास्त लागतो, पण वाट अधिक देखणी आहे. वाऱ्याचा अंदाज असेल त्या दिवशी मी टिटलिस टाळून रिगी किंवा गोर्नरग्राट घेतो. रिगीची व्हित्झनाऊहून चढणारी रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे आहे, आणि तिथे सरोवरातून बोटीने जाता येते. मात्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात बोटींच्या फेऱ्या उन्हाळ्यापेक्षा कमी होतात. परतीची बोट चुकू नये म्हणून वेळापत्रक त्या आठवड्याचेच पाहावे, जुलैत कोणी लिहून ठेवलेले नव्हे.

आई-वडिलांच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. इंटरलाकेन सुमारे ५७० मीटरवर आहे आणि तिथून दीड तासात आपण ३,४५४ मीटरवर पोहोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. बहुतेक निरोगी ज्येष्ठांना थोडा थकवा, थोडे जड डोके यापलीकडे त्रास होत नाही, पण हृदय, फुफ्फुसे किंवा अनियंत्रित रक्तदाब यांची तक्रार असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना ही उंची आकड्यासह सांगून विचारावे. 'डोंगरावर जाणार आहोत' एवढे सांगून भागत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येते. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे जाऊ नका, एखादा दिवस कमी उंचीवर घालवा. वर चालताना घाई नको, पाणी पीत राहावे आणि दोन-अडीच तासांत खाली यावे. त्यांना जमणार नाही असे वाटले तर क्लायने शायडेक, म्हणजे २,०६१ मीटर, हा कमीपणाचा पर्याय नाही. आयगर शिखराची उत्तरेकडची उभी भिंत तिथून थेट समोर दिसते, बसायला जागा आहे, आणि स्वच्छ दिवशीचे ते दृश्य ढगाळ दिवशीच्या युंगफ्राऊयोखपेक्षा मी केव्हाही श्रेष्ठ मानतो. आपण तिघे वर जाऊन येईपर्यंत ते तिथे आरामात थांबू शकतात.

गाडी भाड्याने घेण्याचा बेत मी सोडून द्या म्हणेन. फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिमझेल (२,१६४ मीटर) आणि झुस्टेन हे घाट सप्टेंबरअखेर सहसा उघडे असतात, पण एका रात्रीच्या बर्फाने ते एक-दोन दिवस बंद होऊ शकतात. आणि नेमक्या त्या वेळी आपल्याकडे उन्हाळी टायरांची गाडी, आरक्षित हॉटेल आणि पलीकडे जायचा दुसरा रस्ता शोधत बसलेले कुटुंब असते. शिवाय उजव्या बाजूने वाहन चालवण्याची सवय नसताना अरुंद वळणांवर समोरून येणारी पिवळी टपाल बस भेटणे हा सुखाचा अनुभव नाही. घाट पाहायचेच असतील तर त्याच टपाल बसमध्ये बसावे. चालक रोज तिथून जातात, आणि रस्ता बंद असेल तर फार तर आपला एक दिवसाचा बेत बदलतो.

पावसाचा दिवस येणारच, असे धरून त्याची यादी खिशात ठेवा. पाऊस आपल्यासारखा धो-धो नसतो, बारीक, थंड आणि चिवट असतो. श्पीत्झहून बर्न गाठा: जुन्या शहरात सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या दगडी कमानी आहेत, त्यांच्याखालून छत्रीविना दिवसभर हिंडता येते. लुसर्नला असाल तर वाहतूक संग्रहालय आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तिथून बाहेर काढणे हीच अडचण होईल. माँत्रोजवळचा शियों किल्ला पावसातही तितकाच चांगला. इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेन दरीतला ट्रुमेलबाख धबधबा डोंगराच्या पोटात आहे आणि तिथे लिफ्टही आहे, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा आई-वडिलांचे गुडघे पाहून ठरवा.

माँत्रोच्या दोन रात्री मी मुद्दाम ठेवल्या आहेत. सरोवराकाठच्या लाव्हो या पायऱ्यापायऱ्यांच्या द्राक्षमळ्यांत त्याच सुमारास तोडणीचा हंगाम असतो, हवा तुलनेने सौम्य असते आणि माँत्रोत सरोवराकाठी सपाट फिरणे असल्याने ज्येष्ठांना विसावा मिळतो. २००७ पासून हे मळे जागतिक वारसा आहेत. वाटेत कुठे फुलांनी सजवलेल्या गायी मोठ्या घंटा वाजवत रस्त्यावरून खाली उतरताना दिसल्या तर गाडी सोडून द्या आणि थांबा. उन्हाळ्यातील उंच कुरणांवरून गुरे सप्टेंबरात गावात आणतात. त्याच्या तारखा गावागणिक वेगळ्या असतात आणि वर लवकर बर्फ पडले तर बदलतातही, म्हणून स्थानिक पर्यटन कार्यालयात विचारणे उत्तम.

कपड्यांविषयी फार लिहीत नाही. एक जाड कोट नेण्यापेक्षा आत थर्मल, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि वर टोपी असलेले वारा व पाणी अडवणारे जॅकेट, असे प्रत्येकाला द्या. गाड्यांत आणि हॉटेलांत ऊब असते, त्यामुळे दिवसातून दहा वेळा काढ-घाल होते. बुटाचा तळवा पकड घेणारा असावा आणि बूट इथे दोन आठवडे वापरून मऊ केलेले असावेत. हिमनदीवर गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लागतात. दिवस किती मोठा हेही लक्षात घ्या: आपल्या तारखांना सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सात-सव्वासातला मावळतो, पण लाउटरब्रुनेनसारख्या खोल दरीत ऊन त्याच्या बरेच आधी जाते आणि गारठा लगेच जाणवतो. वर गेल्यावर सर्वांत आधी शेवटची उतरती गाडी किती वाजता आहे ते पाहावे.

आपण ओझरते विचारले आहे की व्हिसाला उशीर झाला तर हीच सहल दिवाळीच्या सुटीत ढकलता येईल का. ढकलता येईल, पण आहे तशी नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर झरमाट ते सेंट मॉरिट्झ धावणारी ग्लेशियर एक्सप्रेस ही पर्यटक रेल्वे डिसेंबरपर्यंत बंद असते, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात अनेक केबल कार वार्षिक दुरुस्तीसाठी थांबवतात, उंच घाट एकेक करून हिवाळ्यासाठी बंद होतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेल्यावर संध्याकाळ सव्वापाचच्या सुमारासच होते. त्या काळासाठी मी लुसर्नचे दिवस कमी करून दोन-तीन रात्री देशाच्या आग्नेय भागातल्या एंगाडिन दरीत देईन. तिथले लार्च वृक्ष ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सोनेरी होतात आणि दरी सतराशे-अठराशे मीटरवर असल्याने सखल भागातल्या धुक्याच्या बहुधा वरच राहते. तिथून निघणाऱ्या बर्निना घाटाच्या रेल्वेमार्गावर बंद डब्यांच्या खास गाडीला आरक्षण सक्तीचे असते, पण त्याच रुळांवरून साध्या स्थानिक गाड्या दिवसभर धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या काही खिडक्या उघडतात. छायाचित्रांसाठी तीच गाडी घ्या. तारखा बदलल्या तर इथेच कळवा, मुक्कामांची मांडणी नव्याने करून देईन.